दगडावरची मोकळी ओळ

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फुलांचे फोटो येतात, केक येतात, कोणाच्या तरी नातवाचं बक्षीस येतं. मी ते न बघताच पुढे सरकवते. त्या दिवशी मात्र एका काळ्या दगडाचं चित्र आलं आणि समोर गिऱ्हाईक ताटकळत उभं असताना मी ते मोठं करून बघत बसले. गावात आमच्या मूळपुरुषाची छोटी घुमटी आहे. तिच्यासमोर भावकी ग्रॅनाइटचा दगड बसवणार होती आणि त्यावर सगळी वंशावळ कोरायची होती. मे महिन्यात मुंबईकर गावी आले की पूजा करून दगड उभा करायचा, असं ठरलं होतं. हे चित्र म्हणजे त्याचा नमुना. माझ्या पणजोबांचं नाव मी शोधून काढलं. त्यांच्या नावाखाली दोन शेऱ्यांत हिशेब संपवला होता : ‘लढाईत मयत. निपुत्रिक.’

म्हणजे माझे आजोबा आकाशातून पडले, बाबा त्यांच्यामागून पडले आणि मी तर कोणीच नाही. माझं मालवणच्या एसटी स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते, आधारावरची नावं दुरुस्त करून देते. जगाच्या बापांची नावं सरळ करण्यात माझा दिवस जातो आणि इथे माझ्याच घरावर लोकांनी रेघ मारली होती. मला राग यायला फार वेळ लागत नाही. गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, शटर ओढलं आणि स्कूटरने घर गाठलं.

बाबा खळ्यात सुपाऱ्यांच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. फोन हातात, चष्मा कपाळावर. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबांच्या हृदयात स्प्रिंग घातलेली आहे, त्यामुळे वाईट बातमी त्यांच्यापर्यंत आधी माझ्याकडून जावी असा माझा प्रयत्न असतो. यावेळी फोनने मला हरवलं.

“बघलंस?” त्यांनी विचारलं.

“बघलंय.”

“तुका त्या कॉम्प्युटरार सगळा सापडता. ह्या शोध. माझ्या बापाशीचा नाव तेच्या बापाशीखाली येऊक व्हया. मी जितो आसासर.”

बाबा कधी माझ्याकडे काही मागत नाहीत. म्हणून मी हो म्हणून बसले, आणि नंतर मला भीती वाटायला लागली.

भीती कशाची ते सांगते. पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले. मग बरीच वर्षं त्यांची काही खबर आली नाही. मोठ्या तापाच्या साथीत गावात घरटी माणसं गेली, त्याच वर्षी घरच्यांनी धीर सोडला आणि देवळात कौल लावला. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ‘माणूस जिवंत आसा काय?’ असं विचारलं आणि डावी पाकळी पडली. मग दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि समुद्राकाठच्या स्मशानात त्याला अग्नी दिला. तेरावा झाला. पणजी बांगड्या फोडून माहेरी, मिठबावला गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिला तिथे मुलगा झाला. ते माझे आजोबा.

मिठबावला पणजीने एका परक्या माणसाशी लग्न लावलं होतं. त्याचं नाव वेगळं, घराणं कोणतं ते कोणालाच ठाऊक नाही. आजोबा मोठे झाल्यावर आमच्या गावी आले, पणजोबांच्या वाट्याच्या जागेत घर बांधून राहिले आणि बापाच्या जागी पणजोबांचं नाव लावू लागले. भावकीने त्यांना हाकललं नाही, पण जवळही केलं नाही. घुमटीपुढे नारळ ठेवायची पाळी आली की आमच्या घराचा नारळ सगळ्यांत शेवटी. ‘मी ह्याच घरचो’ एवढंच आजोबा म्हणायचे आणि गप्प बसायचे. बाबांना शाळेत मुलं ‘मिठबावचो’ म्हणून हाक मारायची. त्या परक्या माणसाचा बाबांनी जन्मभर राग केला. त्याच्या नावाने पितृपक्षात कधी पान मांडलं नाही, आणि मांडणाऱ्यांनाही बोलले.

आता बघा. मी शोधायला जायचं आणि पणजोबा बसऱ्यालाच वारले असा पुरावा निघायचा. म्हणजे ‘निपुत्रिक’ हा शब्द मी माझ्याच हाताने पक्का करून द्यायचा. पणजीच्या चारित्र्यावर शिक्का मारायचा आणि तो बाबांच्या पुढ्यात ठेवायचा. ते पुतळा जाळल्यानंतरही जिवंत होते असं निघालं, तरच आमचा काही निभाव होता.

भावकीत थोरले असलेल्या काकांकडे मी आधी भांडायला गेले. ते पडवीत बसून पान जमवत होते. माणूस वाईट नाही, पण एकदा म्हटलं की म्हटलं.

“बाये, मी कोणाचो अपमान करूक लिवलंय नाय,” ते म्हणाले. “ज्या माणसाक अग्नी दिलो, तेरावो झालो, तेका मागसून पोर कसा जाला? तू शिकलेली आसंस. तूच सांग.”

“कौल चुकलो आसलो तर?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. “तर कागद दाखव. तो जितो होतो म्हणान दाखव, मी बदलतंय. पूजा होयसर तुका वेळ.”

मी शोधायला लागले. दुकान बंद करण्याआधी रोज थोडा वेळ त्या कामाला. लढाईत गेलेल्यांच्या याद्या आता घरबसल्या बघता येतात. त्या काळी आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता, म्हणून त्या जिल्ह्याची माणसं चाळायची. लोक अशा शोधात आपला माणूस सापडावा म्हणून नवस बोलतात, मी मात्र ‘इथे नको’ म्हणत खाली सरकत होते.

एका संध्याकाळी तो सापडला. तेच नाव, तेच आडनाव, बसऱ्याला मृत्यू. मी स्क्रीन बंद केला, तरी ते नाव डोळ्यांसमोरून जाईना. बाबांना काही सांगितलं नाही. ते जेवताना विचारायचे, “काय गावला?” आणि मी म्हणायचे, “काय नाय.” माझा आवाज मलाच खोटा वाटायचा. शेवटी त्या माणसाची अधिक माहिती मागवली, तेव्हा त्याच्या बापाचं नाव वेगळं निघालं. गाव दापोलीकडचं. दुसऱ्याच्या घरचा माणूस मेलेला कळून मला सुटल्यासारखं झालं याची लाज वाटली, पण सुटल्यासारखं झालं हे खरं.

मेलेल्यांत नाही, तर जिवंतांत शोधायला हवा होता आणि तिथेही तो मिळेना. परदेशातल्या दप्तरखान्यांत शोध घेऊन देणाऱ्या एका अभ्यासकाशी मी ईमेलवर बोलत होते. त्याने पलटणींत पाहिलं, कुठेच काही नाही. होळी झाली, शिमग्याची सोंगं येऊन गेली, आंबे उतरायला लागले. तिकडे काकांनी ग्रुपवर टाकलं की दगड घडवायला दिला आहे.

एक दिवस मी मासे घ्यायला बंदरावर गेले होते. ट्रॉलर नुकताच लागला होता आणि त्याच्या इंजिनाचा माणूस तेलाने काळे झालेले हात पुसत खाली उतरत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, आमच्या घरात बंदूक कोणी धरली होती? पणजोबांचा बाप तांडेल, गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. असल्या घरातल्या पोराच्या हाती सरकार बंदूक कशाला देईल? बसऱ्याबद्दल मी इतकं वाचलं होतं. तिथे धड रस्ते नव्हते, सगळं सैन्य आणि सगळा शिधा नदीतून आगबोटींवर जायचा. ‘लढायेक गेलो’ म्हणजे बंदूक घेऊन गेला, असं आम्ही चार पिढ्या धरून बसलो होतो. समुद्रावर जगणाऱ्या माणसांना हे सुचू नये याचा मला संताप आला. मासे घेतलेच नाहीत. तशीच दुकानात गेले आणि त्या अभ्यासकाला लिहिलं की पलटणी सोडा, नदीवरच्या बोटी बघा.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. आलं तेव्हा एक बाई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी समोर बसली होती. मी तिचा अर्ज पूर्ण भरला, तिला पोचवलं, टेबल पुसलं, पाणी प्यायले. मग ईमेल उघडलं.

पणजोबा आगवाले होते. म्हणजे बोटीच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे. बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर. नोकरीतून मोकळं करून त्यांना मुंबईला आणून सोडलं होतं. कधी, ते बघायला मी स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं. तापाच्या साथीचं वर्ष उलटून गेल्यावर. पुतळा जाळला तेव्हा हा माणूस बसऱ्याच्या नदीवर कोळसा ओढत होता. शेवटी ओळख पटवण्याची खूण दिली होती : उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला. मी दुकानात एकटीच रडले आणि मग दोन प्रती काढल्या.

काकांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला मराठीत सांगायला लावला. त्यांच्या घराने पिढ्यान् पिढ्या सांभाळलेला कौल त्यांच्या मांडीवर खोटा पडून होता. मला त्यांची थोडी दया आली.

“जितो होतो,” ते म्हणाले. “‘लढाईत मयत’ काढतंय. माझो शब्द आसा.”

“आनी दुसरो शब्द?”

“मुंबैक उतारलो. घराक खंय इलो? तुझ्या आज्याचो बापूस मिठबावचो माणूस. तेचा नाव येगळा, सगळ्यांका म्हायत आसा. ह्या कागदान ता कसा बदलात?”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. बाबांना मी अर्धं यश सांगितलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि सकाळी मला म्हणाले, “बायकडे जाऊन ये.”

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. ती पणजीच्या माहेरगावीच दिली, मिठबावला. पणजीचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं. पण त्या परक्या माणसाचा विषय निघाला की आत्या उठून आत जायची. बाबा समजायचे, तिलाही लाज वाटते. आम्ही सगळेच तसं समजत होतो.

पूजेला थोडेच दिवस राहिले होते. मी आचऱ्यावरून स्कूटरने मिठबावला गेले. आत्या मागच्या पडवीत सुपात कुळीथ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. काही प्रस्तावना केली असती तर ती उठून गेली असती, म्हणून सरळ विचारलं.

“आते, तुझो आजो, हयसरचो. तेच्या हाताक काय होता?”

तिची बोटं कुळथात थांबली. मग तिने डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत चोळला. जणू तिथे अजून काही दुखत होतं. मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

“तुका कोणी सांगल्यान?” तिने विचारलं.

मी कागद काढला, तिला वाचून दाखवला. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा घाबरत चालला होता. म्हातारं माणूस घाबरलेलं बघवत नाही.

“वाचू नको,” ती म्हणाली. “तेचा नाव वाचू नको हयसर.”

तिच्या तोंडून सगळं बाहेर पडायला दुपार गेली. कधी ती आत जाऊन आली, कधी नुसतीच रडली. पण शेवटी तिने जे सांगितलं ते असं. पणजोबा मुंबईला उतरले तिथेच गावच्या एका खलाशाने त्यांना सांगितलं, तुझा तेरावा होऊन गेला. घरी जायची सोय राहिली नाही. अग्नी दिलेला माणूस उंबऱ्यावर उभा राहिला तर घराला काय होईल, या भीतीने भावांनी दार लावून घेतलं असतं. म्हणून ते गलबताने थेट मिठबावला बायकोच्या माहेरी आले. पणजीने दार उघडलं. तिच्या बापाने जाणती माणसं बोलावून उपाय विचारला. मेलेल्याला घरात घ्यायचं तर तो पुन्हा जन्मायला हवा. त्यांनी त्या दाढीवाल्या, भाजलेल्या माणसाला तुपाचं बोट लावून न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं, पाळण्याच्या दोरीला हात लावायला लावून बारसं केलं. नवं नाव ठेवलं. मग त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावलं.

परका माणूस कोणी नव्हताच. पणजीने दोनदा लग्न केलं आणि दोन्ही वेळा त्याच नवऱ्याशी.

मी हसत होते की रडत होते मला कळेना. आणि मग मला जो राग आला तो आत्यावर. “ह्या तुका म्हायत होता? आनी बाबांका लोक आयुष्यभर बोलत रवले, तू आयकत रवलंस?”

“बोलूक नसता येणा,” ती म्हणाली. “आट होती. जुना नाव तेका कोणी घालूचा नाय. माझ्या बापाशीन ता नुसता कागदार लायल्यान, पण हो तोच म्हणान कधी सांगूक नाय. यमाच्या हातातसून काढलेलो माणूस तो. नाव घेतला तर यम इचारतलो, आनी नेतलो, तेका नायतर वंशातल्या झिलाक.”

“आते, असला काय नसता.”

“मी थयसर होतंय,” ती म्हणाली.

तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. आजोबांचं, म्हणजे माझ्या पणजोबांचं बोट धरून मिठबावच्या किनाऱ्यावर गेली होती. रापणीचं मोठं जाळं ओढायचं चाललं होतं. एका परगावच्या होडीतून एक म्हातारा उतरला आणि लांबूनच कोणाला तरी मोठ्याने हाक मारायला लागला. त्या नावाने आपल्याकडे कोणाला हाक मारलेली तिने कधी ऐकली नव्हती. पण तिच्या हातातला हात दचकला आणि तिचा आजा वळला. बसऱ्याच्या बोटीवरचा सोबती होता तो. दोघं गळ्यात पडले. तिचा आजा लहान मुलासारखा रडला. त्याच आठवड्यात तापाने तो गेला.

“तेका मी वळताना बघलंय,” आत्या म्हणाली. “आजयेन मागसून मरताना सांगल्यान, तो कोण ता. म्हणाली, तुझ्या बापाशीक म्हायत आसा, तो बोलाचो नाय. तूय बोलू नको. तुझो भाव ऱ्हवाक होयो.”

तिने डोळे पुसले आणि माझं मनगट धरलं. “तेका सांगू नको गो. तो गेल्यावर काय ता लिवा दगडार. माका एकच भाव आसा.”

परत येताना मी आचऱ्याच्या पुलावर स्कूटर थांबवली. मी असल्या गोष्टी मानत नाही. कौल, यम, आट, काही नाही. तरी खाडीकडे बघत मी उभी राहिले आणि बाबांच्या हृदयातल्या त्या स्प्रिंगचा विचार करत राहिले. मानत नव्हते आणि भीती वाटत होती, दोन्ही एकाच वेळी खरं होतं. न सांगावं तर त्यांना हवं असलेलं एकमेव सुख माझ्या पर्समध्ये पडून राहणार. सांगावं आणि त्यांना काही झालं, तर मी आत्याला तोंड कसं दाखवणार?

बाबा फाटकाशीच उभे होते. “काय म्हणाली?”

“काय नाय,” मी म्हटलं.

“तुका खोटा बोलूक येणा नाय. लहानपणासून येणा नाय.”

मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. यमाचंही सांगितलं, आत्याने काय विनवलं तेही. ऐकताना त्यांनी एकदाही मला थांबवलं नाही. मी त्यांच्या ओठांचा रंग बघत होते. सांगून झालं आणि मी रक्तदाबाचं यंत्र आणायला धावले. त्यांनी निमूट दंड पुढे केला. यंत्राचा पट्टा फुगत असताना ते म्हणाले, “माका एक खरखरीत हात आठवता. कोणाच्या तरी मांडयेर बसलंय आनी तेचा कातडा बोटानी खरवडतंय. सुक्या माशासारखा लागा. तो कोण ता माका कधी कळला नाय.”

मग पट्टा सोडवून घेत ते म्हणाले, “तेका मी आयुष्यभर शिव्या घातलंय गो. माझ्या सख्ख्या आज्याक.”

रक्तदाब माझाच वाढला असेल, त्यांचा बरा होता. थोड्या वेळाने त्यांनी काकांना फोन लावायला सांगितला. मला वाटलं, आता ते सगळं सांगणार, ‘मिठबावचो’ म्हणणाऱ्या एकेकाला नावानिशी सांगणार. त्यांचा तेवढा हक्क होता.

“दुसरो शब्दय काढ,” बाबा काकांना म्हणाले. “नावाखाली एक ओळ मोकळी ठेव. काय लिवू नको. कित्याक ता आता इचारू नको, पण मी तुझ्याकडे कधी काय मागूक नाय.”

फोन ठेवल्यावर मी चिडले. इतके महिने मी कशासाठी मरमर केली?

“बाय जिती आसासर नको,” ते म्हणाले. “ती माका जितो ठेवूक गप रवली. मी तिका भियावन दगडार नाव कोरू?”

मे महिन्यात दगड उभा राहिला. मुंबईकर आले, नारळ ठेवले गेले, आमचा नेहमीप्रमाणे शेवटी. आत्यालाही गाडीने आणलं होतं. ती दगडाजवळ गेली, बोटाने नावं वाचत गेली आणि पणजोबांच्या नावाखाली तिचं बोट थांबलं. तिथे गुळगुळीत काळा दगड होता. काही नव्हतं म्हणूनच तिला सगळं कळलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. मी खाली बघितलं. परत जाताना बाबांचा हात तिने बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन वाजला. मिठबावहून.

“उठलंस?” आत्याने विचारलं.

“उठलंय गो बाय,” बाबा म्हणाले. तिने फोन ठेवून दिला.

त्यानंतर रोज. पावसाळाभर, वीज गेली तरी, रेंज नसली तर शेजारच्यांच्या फोनवरून. ‘उठलंस?’ ‘उठलंय.’ बाबा तिला चिडवायचे नाहीत, एरवी ते सगळ्यांना चिडवतात. त्यांच्या आधी मीच जागी व्हायचे आणि पलीकडच्या खोलीतून त्यांचा खोकला ऐकू येईपर्यंत पडून राहायचे. हे मी कोणाला सांगितलं नाही.

पितृपक्षात बाबांनी पहिल्यांदा मिठबावच्या माणसाचं पान मांडलं. नव्या नावाने. त्याची मुभा होती.

भात कापून झाल्यावर एका सकाळी फोनवरचं बोलणं लांबलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. “हो… हो… नको गो, घाई काय आसा?” मग बाबा बराच वेळ नुसते ऐकत राहिले. फोन ठेवून ते म्हणाले, “येता म्हणता. पाथरवटाक बोलाव म्हणता. म्हणाली, तुका कळान इतके दिवस झाले, तू आसंस. माझो काय भरवसो? माझ्या डोळ्यांदेखत होवंदे.”

काकांना तोवर मी सगळं सांगून टाकलं होतं, बाबांच्या परवानगीने. ते स्वतः पाथरवटाला घेऊन आले आणि घुमटीजवळ त्याच्या मागे उभे राहिले. आत्याने बाबांना दगडासमोर खुर्चीत बसवलं. स्वतः बाजूला जमिनीवर बसली आणि त्यांचं मनगट दोन्ही हातांत धरून ठेवलं. छिन्नीचा पहिला घाव पडला तशी ती शहारली. नावाच्या प्रत्येक अक्षराला ती दगडाकडे नाही, बाबांच्या तोंडाकडे बघत होती. मीही दगड बघितला नाही. आजोबांचं नाव त्यांच्या बापाखाली पूर्ण झालं, तेव्हा काकांनी नारळ आणला आणि सगळ्यांआधी बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो घेतला. रडले नाहीत, नुसते मान हलवत राहिले.

आत्या त्या रात्री आमच्याकडेच राहिली. तिचं अंथरूण माझ्या खोलीत घातलं होतं.

सकाळी मला उशिरा जाग आली, कारण फोन वाजलाच नाही. बाजूचं अंथरूण रिकामं होतं. मी धावतच बाबांच्या खोलीत गेले. आत्या त्यांच्या खाटेला टेकून जमिनीवर बसली होती, डोकं खाटेच्या कडेवर, आणि त्यांचं मनगट मुठीत. ती झोपली होती. बाबा जागे होते. उन्हाची तिरीप त्यांच्या तोंडावर आली होती तरी हात न हलवता पडून होते.

मला बघून त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

“चाय मागसून,” ते हळूच म्हणाले. “बाय आता खंय निजलीसा.”